जर्मन वाडी, वऱ्हाडी अंगण

‘किंडरगार्टन’ हा जर्मन भाषेतला जोडशब्द. ‘किंड’ म्हणजे मूल, ‘किंडर’ म्हणजे मुले आणि ‘गार्टन’ म्हणजे बाग. एकूण अर्थ मुलांची बाग. जर्मन जोडशब्दांच्या खानदानात हा अगदीच लहानखुरा गणला जाईल. त्या भाषेत दोन शब्द शेजारी आले की त्यांचे लग्न लावून द्यायचे आणि तिसरा दिसला की त्यालाही घरजावई करून घ्यायचे, अशी रीत आहे. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या राज्याने १९९९ मध्ये एक कायदा केला. गोमांसावरच्या लेबलांची देखरेख करण्याची कामे कोणाकडे सोपवायची, एवढाच त्याचा विषय. नाव मात्र एका शब्दात, मध्ये कुठेही श्वास न घेता: ‘रिंडफ्लाइशएटिकेटीरुंग्सउबरवाखुंग्सआउफगाबनउबरट्रागुंग्सगेझेट्स’. रोमन लिपीत याची ६३ अक्षरे होतात. २०१३ मध्ये कायदा रद्द झाला आणि शब्द बेवारस झाला. किंडरगार्टनची अक्षरे फक्त १२. पण या धाकट्याने परदेशात जी इस्टेट केली ती त्या थोरल्याला साधली नाही. यवतमाळ जिल्ह्यात तर त्याच्या चार पिढ्या एकाच वेळी नांदत आहेत, आणि त्यातल्या कोणालाच आपला मूळ पुरुष जर्मन होता याची कल्पना नाही.

शब्दाचा पूर्वार्ध आधी पाहू. ‘किंड’ हा ‘जन्म देणे’ या अर्थाच्या एका फार जुन्या इंडो-युरोपीय धातूपासून आलेला आहे. हाच धातू संस्कृतात ‘जन्’ म्हणून बसला आणि त्याने जन, जनक, जननी, जात असे मोठे गोत उभे केले. ‘जंतू’ हाही त्याच गोतातला. संस्कृतात जंतू म्हणजे जन्माला आलेला कोणताही जीव. अपत्यालाही हा शब्द चालत असे. मराठीने तो अर्थ लहान करत करत शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली नेला. त्याचाच धाकटा अवतार ‘जंत’ हा तर थेट पोटात शिरला. म्हणजे व्युत्पत्तीच्या हिशेबाने किंड आणि जंत ही चुलत भावंडे होत. या नात्याचा सरकारी दाखला १० फेब्रुवारीला मिळतो. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीतली मुले रांगेत उभी राहून अल्बेंडाझोलची गोळी चघळतात आणि भाऊबंदकीतला एक वाद सहा महिन्यांपुरता मिटतो.

उत्तरार्ध ‘गार्टन’. याचा मूळ धातू ‘कुंपण घालणे’ या अर्थाचा. इंग्रजीतले ‘गार्डन’ आणि ‘यार्ड’, लेनिनग्राडमधला ‘ग्राड’ हे सगळे एकाच कुळातले. भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘गृह’ या शब्दालाही त्यांचाच नातेवाईक मानतात, आणि मराठीतले ‘घर’ हे त्या गृहाचेच प्राकृतातून झिजत आलेले रूप. तेव्हा किंडरगार्टनला केवळ धातूंच्या बळावर मराठी प्रतिशब्द करायचा म्हटला तर ‘जंतुगृह’ असा होईल. एरवी कोणत्याही विषयावर प्रतिशब्द सुचवायला पुढे सरसावणारी मराठी मंडळी या एका सूचनेपासून दूर राहिली, हे त्यांच्या खाती जमा धरले पाहिजे.

‘यार्ड’ हा किंडरगार्टनचा भाऊ यवतमाळात आधीपासून आहे. तो बाजार समितीत असतो. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या ज्या मार्केट यार्डात रांगा लावतात तो यार्ड आणि किंडरगार्टनमधला गार्टन यांचे कूळ एकच. दोन्हींचा गाभा फुले किंवा कापूस नसून कुंपण आहे, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाचकाला समजावून सांगावी लागते. यवतमाळच्या शेतकऱ्याला ती सांगावी लागत नाही. रोही आणि रानडुकरे यांनी त्याला ही व्युत्पत्ती पाठ करून दिलेली आहे. झटका मशीनची तार लावली तर शेत, नाही तर तो रोह्यांचा भंडारा.

दोन शब्दांमधले ‘अर’ हे अनेकवचनाचे चिन्ह. जर्मन भाषा जोडशब्दाच्या सांध्यात अशी एखादी पाचर ठोकते. ठोकण्याचे नियम जर्मनांनाही पूर्ण पाठ नसतात. इथे अनेकवचन सार्थ आहे. एकाच मुलासाठी कुंपण घातलेल्या जागेला, वर सांगितल्याप्रमाणे, घर म्हणतात.

हा शब्द आपोआप घडलेला नाही. तो एका माणसाने केला आणि त्याचे साल माहीत आहे. फ्रीडरिश फ्रोबेल हा थुरिंगियातल्या एका पाद्र्याचा मुलगा, जन्म १७८२ चा. १८३७ मध्ये त्याने बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी एक संस्था काढली. तिचे पहिले नाव ‘संगोपन, खेळ आणि उद्योग संस्था’ या छापाचे होते. मराठी वाचकाला या नावात परके असे काहीच वाटणार नाही; पुढे फक्त ‘मर्यादित’ आणि नोंदणी क्रमांक लिहायचा राहिला. फ्रोबेललाही ते नाव पचत नव्हते. सहकाऱ्यांबरोबर डोंगरातून चालताना खाली दरी दिसली आणि ‘किंडरगार्टन’ हा शब्द त्याला एकदम सुचला, असे सांगतात. १८४० मध्ये संस्थेला हे नाव अधिकृतपणे मिळाले.

कल्पना अशी की मूल हे रोप. त्याला ओढून उंच करता येत नाही, पाणी घालून वाट पाहावी लागते. शिकवणाऱ्या स्त्रीला जर्मन भाषेत ‘किंडरगेर्टनरिन’ म्हणू लागले, म्हणजे मुलांची माळीण. (मराठीने बाग घेतली, माळीण घेतली नाही. तिच्या जागी आधी बाई आल्या, मग ताई आल्या, आणि सरकारने शेवटी सेविका नेमली.) फ्रोबेलच्या बागेत खरेच वाफे होते आणि मुलांना ते वाटून दिलेले होते. बाकी वेळ खेळण्यांचा. लोकरीचे रंगीत चेंडू, मग लाकडी गोळा, घन आणि दंडगोल. या खेळण्यांना तो ‘देणग्या’ म्हणत असे. यवतमाळात हा शब्द पुढे शाळाप्रवेशाच्या संदर्भात वेगळ्या अर्थाने रूढ झाला, आणि देण्याची दिशाही उलटली.

रोप मूळ धरते न धरते तोच ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनांवर बंदी घातली. मुलांना नास्तिक बनवणारी ही समाजवादी योजना आहे, असा आरोप होता. घोळ नावाचा झाला होता. फ्रीडरिश फ्रोबेलचा पुतण्या कार्ल फ्रोबेल याने मुलींची उच्च विद्यालये आणि बालोद्याने यांवर एक पुस्तिका लिहिली होती. तिच्यातली मते सरकारला झोंबली आणि शिक्षा काकांना झाली. खुलासे, अर्ज, विनंत्या, सगळे झाले. सातबाऱ्यावर चुलत्याचे नाव पुतण्याच्या गटात चढले तर ते उतरवायला किती खेटे घालावे लागतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचे सांगायला नको. फ्रोबेल १८५२ मध्ये वारला. बंदी १८६० मध्ये उठली.

बंदीचा फायदा शब्दाला झाला. जर्मनीतून बाहेर पडलेली माणसे तो बरोबर घेऊन गेली. अमेरिकेतले पहिले किंडरगार्टन मार्गारेठे शुर्झ यांनी १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला काढले. ते जर्मन भाषेतच चाले. चारच वर्षांनी बोस्टनमध्ये एलिझाबेथ पीबॉडी यांनी इंग्रजीतून तसे वर्ग सुरू केले. इंग्रजीने वस्तू घेतली आणि भाषांतराचा कंटाळा करून नावही तसेच ठेवले. इंग्रजीबरोबर ते भारतात आले आणि इथे त्याचे हाल सुरू झाले. ‘गार्टन’ हे भारतीय कानाला चुकलेले इंग्रजी वाटते. म्हणून पाट्या रंगवणाऱ्यांनी ते दुरुस्त करून ‘किंडर गार्डन’ असे केले. यात त्यांचा दोष काढता येत नाही. पोलीस ठाण्यापासून बँकेपर्यंत प्रत्येक ठिकाणी स्पेलिंगची चूक आपलीच असते असे ज्यांना बजावले गेले आहे, त्यांनी एकदा जर्मनांची चूक सुधारली इतकेच.

पुढची पायरी झिजण्याची. यवतमाळ शहरात, पुसदला, वणीला, दारव्ह्याला, जिथे म्हणून इंग्रजी माध्यमाची शाळा आहे तिथे किंडरगार्टनची दोन अक्षरे शिल्लक आहेत: ‘केजी’. मुंबईकडे याचे लोअर आणि अप्पर असे दोन मजले असतात. विदर्भात आकडे असतात, केजी वन आणि केजी टू. या वर्गांच्या इमारतीला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात. कॉन्व्हेंट म्हणजे मूळ अर्थाने जोगिणींचा मठ. वैदर्भीय अर्थाने टाय असलेली कोणतीही बालशाळा. संस्थापक माळकरी असोत, माजी सरपंच असोत की जिनिंगवाले असोत, पोरगं कॉन्व्हेंटातच जातं. ‘लेकरू कुठी टाकलं?’ या प्रश्नाला ‘कानवेंटात, केजी टूले हाय’ असे उत्तर मिळते. या एका वऱ्हाडी वाक्यात लॅटिन मठ, जर्मन बाग आणि इंग्रजी आकडा एकत्र नांदतात आणि कोणाचीही तक्रार नसते.

नावे अशी झिजावीत याचे यवतमाळकरांना नवल वाटण्याचे कारण नाही. त्यांच्या गावाचे नाव तसेच झिजलेले आहे. ‘ऐने अकबरी’त या परगण्याचा उल्लेख ‘योत-लोहारा’ असा येतो. मूळ गाव यवत किंवा यवता, शेजारचे लोहारा आजही तिथेच आहे. ‘यवतमाळ’मधला ‘माळ’ हा गवताचा माळ नसून परगणा या अर्थाच्या ‘महाल’ शब्दाचा अपभ्रंश आहे, असे इंग्रजी राजवटीतल्या गॅझेटियरने नोंदवले आहे. इंग्रजांनी त्याचे ‘येवतमल’ केले ते निराळेच. जिल्ह्याचे नाव १९०५ पर्यंत वणी असे होते. ते बदलून यवतमाळ झाले. महालाचा माळ होऊ शकतो, तर किंडरगार्टनचे केजी झाले तर काय बिघडले.

बिघडते ते एवढेच की ‘केजी’ ही जागा आधीपासून भरलेली होती. युरियाच्या पोत्यावर ४५ केजी छापलेले असते. बाप ४५ केजी खांद्यावर घेऊन बांधावर जातो आणि मुलगा केजी वनमध्ये जातो. घरखर्चाच्या वहीत दोन्ही नोंदी एकाखाली एक येतात. वजनाची नोंद कमी असते. गंमत पुढे आहे. कॉन्व्हेंटात केजी असते पण तिथे मुलाला कोणी तोलत नाही. अंगणवाडीत केजी वन नाही, केजी टू नाही. पण मुलाचे केजी दर महिन्याला मोजले जातात, आलेखावर चढवले जातात आणि हल्ली ‘पोषण ट्रॅकर’ नावाच्या मोबाइल अॅपातही भरले जातात. छताच्या आड्याला साल्टर काटा टांगलेला असतो, त्याच्या झोळीत लेकरू पाय झाडत असते, आणि काटा आठ किलो दोनशे ते नऊ किलो चारशे यांच्या दरम्यान नाचत असतो. सेविका त्याच्या रडण्याच्या दोन लाटांमधला नेमका क्षण धरून आकडा टिपते. हे कौशल्य कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत सापडणार नाही.

अंगणवाडी हा शब्द कसा आला, ही या व्युत्पत्तीतली मराठी बाजू. तिचे श्रेय ताराबाई मोडक यांच्याकडे जाते. ताराबाईंचा जन्म मुंबईचा, १८९२ चा. पण लग्नानंतर त्या काही वर्षे अमरावतीत होत्या, म्हणजे वऱ्हाडाचे ऊन त्यांनी पाहिले होते. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात त्यांनी काम केले. बालमंदिर हा किंडरगार्टनचा गुजराती पर्याय. तिथे मूल हे रोप नसून देव, आणि शिक्षक माळी नसून पुजारी. महाराष्ट्रात मंदिरे पुरेशी होती म्हणून की काय, इथे ‘बालवाडी’ हा शब्द रुजला. १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

बालवाडी हे किंडरगार्टनचे भाषांतर जितके चोख आहे तितकी चोख भाषांतरे सहसा होत नाहीत. ‘वाडी’ हा शब्द संस्कृत ‘वाटिका’तून आला आणि वाटिकेच्या मुळाशी ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा आहे. म्हणजे गार्टनच्या पोटातही कुंपण, वाडीच्या पोटातही कुंपण. कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग किंवा पाचपन्नास घरांची वस्ती. वऱ्हाडात घराला लागून भाजीपाल्याची ‘सांदवाडी’ असते. तिच्याभोवती बोराटीची कुपाटी, आत दोडक्याचा वेल, आणि कुपाटीच्या फटीतून आत डोकावणारी शेजारणीची शेळी. जर्मन गार्टनचे याहून नेमके चित्र थुरिंगियातही मिळायचे नाही.

पण बोर्डीत अडचण आली. बालवाडी होती, मुले नव्हती. हरिजन वस्तीतली मुले वाडीपर्यंत येत नव्हती, म्हणून ताराबाईंनी वाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि ती अंगणवाडी झाली. गुरे राखणारी मुले अंगणातही सापडेनात, तेव्हा अनुताईंच्या बरोबरीने शाळा थेट कुरणात गेली; तिला ‘कुरणशाळा’ म्हणाले. मुले पुढे आणि शब्द मागे अशी ही धावाधाव झाली. त्यातून मराठीला तीन सुरेख समास मिळाले आणि मुलांना शाळा मिळाली. एरवी मराठीत नवा शब्द घडवायला समिती लागते.

व्याकरणाच्या अंगाने इथे एक चोरी झालेली आहे, आणि ती अजून कोणी नोंदवलेली दिसत नाही. किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग. बालवाडी म्हणजे बालांची वाडी, षष्ठी तत्पुरुष. अंगणवाडी म्हणजे अंगणातली वाडी, सप्तमी तत्पुरुष. विग्रह बरोबर आहे, पण मूल कुठे आहे? जर्मन शब्दात पहिल्या जागेवर बसलेले मूल इथे गळाले आणि जागेच्या पोटात जागा एवढेच उरले. परक्या माणसाने नुसत्या शब्दावरून अर्थ लावला तर त्याला ही भाजीपाल्याची सरकारी योजना वाटेल. दुसऱ्या टोकाला ‘केजी’मध्ये ‘के’ हे मूल आणि ‘जी’ ही बाग, दोघेही आहेत. फक्त ओळखू येत नाहीत.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव घेतले. बोर्डीच्या अंगणातला शब्द देशभर गेला. ज्या राज्यांत वाडी म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नाही तिथेही गेला. मराठीने देशाला दिलेल्या शब्दांची यादी करायला बसणारे बरेचदा राजकारण आणि नाटक यांतच अडकतात. देशातल्या खेड्याखेड्यांत पाटीवर लिहिलेला हा शब्द त्यांच्या नजरेतून सुटतो.

सरकार आले म्हणजे जोडशब्द लांबतात. हा नियम मेक्लेनबुर्गला लागू तसा महाराष्ट्रालाही. ‘एकात्मिक बालविकास सेवा योजना प्रकल्प अधिकारी कार्यालय’ या पदावलीतल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या तर जर्मन कायद्याच्या खांद्याला खांदा लावणारा शब्द तयार होतो: एकात्मिकबालविकाससेवायोजनाप्रकल्पाधिकारीकार्यालय. फरक इतकाच की जर्मन माणूस तो जोडून लिहितो आणि मराठी माणूस तोडून लिहून संक्षेपात दामटतो. शासन निर्णयांत या योजनेचा उल्लेख ‘एबाविसेयो’ असा येतो. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे एखाद्या तेलुगू देवस्थानाचे नाव वाटते. जर्मनांनीही शेवटी हेच केले. त्यांच्या पाळणाघर-बालशाळेचे अधिकृत नाव ‘किंडरटागेसश्टेटे’ असे आहे, आणि तोंडी ते ‘किटा’ होते. फ्रोबेलच्या देशात ‘किटा’, यवतमाळात ‘केजी’. ज्यांच्या कडेवर सकाळी आठ वाजता मूल असते त्यांना लांब शब्द परवडत नाहीत.

लांब समासांची यवतमाळ जिल्ह्याला भीती आहे असे मात्र समजू नये. वणीला १८८० मध्ये जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी लोकमान्य टिळकांचे चरित्र संस्कृत पद्यात लिहिले आणि त्याला ‘श्रीतिलकयशोर्णवः’ असे नाव दिले. टिळक, यश आणि समुद्र हे तिघे त्यात एका दमात, संधीसह, बसले आहेत. या ग्रंथाला त्यांच्या मृत्यूनंतर, १९७३ मध्ये, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जिल्ह्यातली गावेही मागे नाहीत. कळंब तालुक्यातल्या ‘जोडमोहा’ या गावाच्या नावात जोड हा शब्दच जोडलेला आहे. ‘झरी जामणी’ हा तालुकाच द्वंद्व समास आहे, आणि ‘नेर परसोपंत’मध्ये गावाला पंतांचे नाव कायमचे चिकटले आहे.

प्रश्न येतो तो जागा सोडण्याचा. जोडशब्द तोडून लिहिणाऱ्यांसाठी जर्मन भाषेत एक खास शिवी आहे: ‘डेपनलेअरत्साइशेन’, म्हणजे मूर्खांची रिकामी जागा. हा शब्द स्वतः जोडशब्द आहे आणि तो तोडून लिहिणे हा दुहेरी गुन्हा ठरतो. मराठीतही समास जोडून लिहावा असा नियम आहे, पण तो पेंटरने वाचलेला नाही. पेंटर भिंतीची रुंदी वाचतो. खिडकी मध्ये आली की ‘अंगण’ एका बाजूला आणि ‘वाडी’ दुसऱ्या बाजूला जाते. मधल्या खिडकीतून आत शिजणाऱ्या खिचडीचा वास येतो आणि समासाचा विग्रह आपोआप होतो. यवतमाळ तालुक्यात ‘वडगाव जंगल’ नावाचे गाव आहे. शहरातल्या ‘वडगाव रोड’पासून वेगळे ओळखू यावे अशी त्याची शेपटी. तिथल्या अंगणवाडीचा पत्ता लिहायचा म्हणजे अंगण, वाडी, वड, गाव आणि जंगल एका ओळीत आले. भूगोलाचा अर्धा धडा तिथेच आटोपतो.

हे सगळे कोणाच्या कानावर पडते, तेही पाहिले पाहिजे. जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, केळापूर, मारेगाव, झरी जामणी या भागांत कोलामांचे पोड आहेत, गोंडांच्या वस्त्या आहेत. पुसद, दिग्रस, दारव्ह्याकडे बंजाऱ्यांचे तांडे. बंजाऱ्यांची गोरमाटी मराठीची दूरची बहीण तरी लागते. कोलामी आणि गोंडी या द्राविडी भाषा. पोडावरच्या तीन वर्षांच्या पोराला अंगणवाडी हा शब्द किंडरगार्टनइतकाच परका, आणि भाषाशास्त्राच्या नजरेने ते पोरच बरोबर आहे. दोन्ही शब्द एकाच परक्या कुटुंबातून आलेले. पोर मात्र व्युत्पत्तीवर अडत नाही. तिथे खिचडी मिळते, गाणे म्हणतात आणि बाई ओरडत नाहीत, एवढा अर्थ त्याला पुरतो. गावकऱ्यांनी शब्दाचा ‘ण’ काढून ‘आंगनवाडी’ केले आणि तो आपलासा केला. वऱ्हाडी तोंडात ‘ण’ फार काळ टिकत नाही. तिथे पाण्याचे पानी होते तिथे अंगणाचा काय पाड.

बाईंच्या पदालाही समासाचा जाच आहे. सेविकेला पगार नसतो, ‘मानधन’ असते. विद्यार्थ्यांना हा शब्द सोडवायला दिला तर अर्धे ‘मानाचे धन’ म्हणून तत्पुरुष सांगतील, अर्धे ‘मान आणि धन’ म्हणून द्वंद्व. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरच्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी संप पुकारला तेव्हा त्यांचा विग्रह तिसराच होता: मानही अपुरा, धनही अपुरे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. शब्द मात्र मानधनच राहिला.

सर्वांत नवी पिढी २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून आली. पहिलीच्या आधीच्या वर्गाला तिथे ‘बालवाटिका’ म्हटले आहे. केंद्रीय विद्यालयांत २०२२ पासून बालवाटिका एक, दोन, तीन सुरू झाल्या. वाटिकेपासून वाडी व्हायला लोकांच्या तोंडात शतके लागली. धोरणाने एका परिच्छेदात वाडीची पुन्हा वाटिका केली. आकड्यांवरून केजी वन, केजी टू हे आपलेच वर्ग आहेत हे पालकांनी लगेच ओळखले. नाव संस्कृत झाले, डबा तोच राहिला.

दरम्यान, शब्दातली बाग खरोखरची झाली. ‘पोषण वाटिका’ या नावाने अंगणवाडीच्या आवारात परसबाग लावण्याचा कार्यक्रम आला. फ्रोबेलच्या वाफ्यांत फुले आणि भाज्या होत्या. यवतमाळच्या वाफ्यांत पालक, मेथी, वांगी आणि कोपऱ्यात शेवगा असतो, कारण शेवग्याला पाणी कमी लागते आणि एप्रिलमध्ये तसेही ते नसते. जागेची अट आहे, बियाण्याची सोय आहे, फोटो काढून वर पाठवण्याची सूचना आहे. कुंपणाची तरतूद जिथे राहून गेली तिथे पालक आधी शेळीच्या पोषणाला लागतो. मग सेविका गावातून बोराटीच्या फांद्या गोळा करते, मदतनीस त्या रोवते, आणि गार्टन, यार्ड, वाडी, वाटिका या चारही शब्दांचा मूळ अर्थ जमिनीत दीड हात खोल जातो. नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही. सेविका तो खर्च ‘इतर’मध्ये दाखवते.